गिरिजाक्का आणि नऊ टीव्ही

माझ्या सख्ख्या बहिणीच्या मरणाची बातमी मला एका जुन्या विद्यार्थ्याच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर कळली. रविवार होता, मी कमलनगरच्या घरी चहा पीत बसलो होतो. हातात तारांना डाग द्यायची सोल्डरिंगची कांडी धरलेला गिरिजाक्काचा फोटो, खाली हात जोडल्याचं चित्र आणि ओळ... ‘आपल्या औरादच्या मायाळू गिरिजाक्का आपल्यात नाहीत.’ खोटं कशाला लिहू, पहिल्यांदा मला राग आला तो ‘मायाळू’ या शब्दाचा. बहीण गेली, हे त्यानंतर डोक्यात शिरलं. जीपनं औरादला पोचलो तेव्हा दुकानासमोर माणसं जमली होती. गुलबर्ग्याहून, उदगीरहून आलेली, मी कधी न पाहिलेली. ती एकमेकांना ओळखत होती. मला कुणी ओळखलं नाही. शेजारी ब्लाऊज शिवणारी रेहाना तेवढी पुढं आली आणि म्हणाली, “आलात व्हय, गुरुजी? या.” त्या ‘आलात व्हय’मध्ये काय होतं, ते मला कळलं.

आता दोन महिने होत आले. तिच्याबद्दल लोक बरंच गोड लिहायलेत, म्हणून मीही लिहितो. सहा वर्षं आम्ही बोलत नव्हतो. ती तोंडाची फाटकी होती, हट्टी होती, डूख धरणारी होती. आणि मी तिच्याहून काही बरा नव्हतो.

आमचे अप्पा रेडिओ मेकॅनिक. अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. दहावीनंतर मला शिकायला गुलबर्ग्याला पाठवलं आणि तिला अप्पांनी दुकानातल्या टेबलाशी बसवलं. डोकं तिचं माझ्यापेक्षा तल्लख होतं, हे अप्पांनाही ठाऊक होतं आणि तिलाही. सुट्टीत मी घरी आलो की ती उघडलेल्या रेडिओवरून मान न उचलता विचारायची, “काय शिकलास रे सोम्या? ह्यातलं काय येतंय का तुला?” मला काही येत नसे. पुढं टीव्ही आले, टीव्हीला जोडायचे खेळ आले आणि अप्पांनी दुकानात व्हिडिओ गेम लावले. ओळीनं नऊ टीव्ही आणि कोपऱ्यात दांडा नि बटणं असलेलं कपाटाएवढं लाकडी मशीन. ते हैदराबादहून टेम्पोत घालून आणलं होतं. सगळा कारभार अक्काचा. कुणी बटण जोरानं आपटलं की ती त्याचा कान धरून बाहेर काढायची, मग तो पाटलाचा असो की फौजदाराचा. एक खेळ बंदुकीचा होता. प्लास्टिकची बंदूक टीव्हीवर रोखायची नि उडणारी पाखरं टिपायची. त्यात तिचा हात धरणारा सबंध तालुक्यात कुणी नव्हता. मी बी.एड. होऊन आलो तेव्हा तिनं मला सगळ्यांसमोर त्या खेळात हरवलं आणि म्हणाली, “मास्तर, तुमचा पेपर कोरा.” लोक हसले. मी चाळिशी ओलांडली तरी तो हशा विसरलो नव्हतो.

अप्पा गेल्यावर दुकानाचे दोन भाग झाले. पुढचा तिचा, मागचा माझा. मोबाईल आले नि खेळणारे येईनासे झाले, तरी तिनं काहीच टाकून दिलं नाही. नऊच्या नऊ टीव्ही आणि ते लाकडी मशीन माझ्या भागात रचून ठेवलं. निवृत्तीनंतर मला तिथं शिकवणीचा वर्ग काढायचा होता. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं. ती म्हणायची, “बघू.” मग पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी ती बीदरला दवाखान्यात भरती झाली आणि दहा दिवस तिथंच राहिली. मी दोनदा भेटायला गेलो, मोसंबी घेऊन गेलो. आणि त्याच दहा दिवसांत भंगारवाल्याला बोलावून ती खोली रिकामी केली. त्यानं टीव्ही नेले नाहीत, बोळातच फोडले. त्याला फक्त आतली तांब्याची तार पाहिजे होती. काचा दुसऱ्या दिवशीपर्यंत पडून होत्या, त्या मी झाडून घेतल्या. लाकडी मशीनची काचही गेली. आतली सर्किटची पाटी तेवढी रेहानानं उचलून आपल्या घरी ठेवली, असं मला नंतर कळलं.

अक्का घरी आली तेव्हा मी खोलीला चुना लावत होतो. पोटावर हात धरून ती दारात उभी राहिली. रिकाम्या भिंतींवरून तिनं नजर फिरवली आणि म्हणाली, “सगळं?”

“अक्का, जुनाट डबे ते. आता कोण बघायलंय त्यांच्याकडं?”

“मी बघायले की.”

एवढंच. ती रडली नाही, ओरडलीही नाही. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि आमचं भांडण तिथंच मिटलं असतं. ती वळली, पुढच्या भागात गेली, आणि मधलं दार तिनं आतून लावून घेतलं. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

महिन्याभरात तिच्या भिंतीवर एक नवा चपटा टीव्ही लागला. रेहानाकडून ती पाटी तिनं परत आणली आणि त्या टीव्हीला जोडायला बसली. पुढचं मी अर्धं रेहानाकडून ऐकलं आणि अर्धं भिंतीतून. नवे टीव्ही जुन्या मशीनची भाषा ओळखत नाहीत. तार लावली की निळा पडदा येतो आणि ‘सिग्नल नाही’ एवढं म्हणतो. अक्कानं मधे बसवायचा एक छोटा डबा मागवला. त्यानं चित्र आलं, पण थंडी वाजल्यासारखं कुडकुडत आणि लालाच्या जागी हिरवं. ती डबा उघडायची, तार सोडवायची, पुन्हा डाग द्यायची. चित्र स्थिर झालं तर टीव्ही ते ताणून दाखवायचा. “माणसं बघ कशी भाकरीसारखी थापल्यात!” असं ती टीव्हीवर खेकसायची. ते सरळ झालं तर वेगळंच दुखणं निघालं. बटण इथं दाबावं आणि उडी तिथं एका श्वासानं उशिरा. टीव्ही स्वतःच्या मनानं चित्र गुळगुळीत करत बसतो, त्यात तो उशीर होतो. तिनं टीव्हीच्या आतल्या सेटिंगच्या याद्या चाळून त्याच्या एकेक खोड्या बंद केल्या. तीन महिने तिचं हेच चाललं होतं. एका दुपारी माझा वर्ग भरलेला असताना भिंतीपलीकडून त्या लाकडी मशीनचा आवाज आला. वीस वर्षांपूर्वीचा, तोच... टुंग टुंग टुंग. मी मुलांना म्हणालो, “लक्ष फळ्याकडं.”

त्यानंतर माझा वर्ग भरायची वेळ ही तिची खेळ तपासायची वेळ झाली. मी समास शिकवायला घेतला की पलीकडं गोळीबार. मी भिंतीवर डस्टर आपटायचो, ती आवाज वाढवायची. मुलं वहीत तोंड घालून हसायची. तोवर तिचं नाव पसरलं. कुणाचं लहानपणीचं मशीन माळ्यावर पडलेलं, कुणाच्या गेलेल्या भावाचं. ते पिशवीत घालून माणसं गुलबर्ग्याहून येऊ लागली. ती सगळ्यांना शिव्या घालायची. “एवढं वर्षं कापडात कामून गुंडाळून ठिवलाव? दमट लागून गंजलंय की सगळं!” तरी ती माणसं परत यायची. कारण तिच्याकडं दिलेलं मशीन नव्या टीव्हीवर चालायचं, आणि जुनं होतं तसंच दिसायचं.

एकच गोष्ट तिला जमली नाही. ती बंदूक. गुलबर्ग्याचे एक प्राध्यापक ती घेऊन आले होते. त्यांचं नि तिचं बोलणं मी भिंतीला कान लावून ऐकलं, आज कबूल करतो. प्राध्यापक म्हणाले, “अक्का, काहीतरी करा. माझ्या मुलीला दाखवायचंय.”

“ही चालत न्हाई नव्या टीव्हीवर. जुन्या टीव्हीत उजेडाची रेघ पडद्यावरून पळायची, त्यो पळता उजेड ही बंदूक बघायची. नव्यात तसली रेघच न्हाई. आंधळी हाय ही इथं.”

“मग जुना टीव्ही...?”

“होते की नऊ,” ती माझ्या भिंतीकडं तोंड करून बोलली असणार, कारण प्रत्येक अक्षर लख्ख ऐकू आलं. “माझ्या भावानं फोडले. गुरुजी हायेत त्ये. शिकले-सवरलेले.”

बंदूक घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगायची. शेवटी माझ्याच्यानं ऐकवेना. पश्चात्तापानं नव्हे, संतापानं मी जुना टीव्ही शोधायला निघालो. कमलनगरजवळच्या एका खेड्यात, माझ्या जुन्या सहकाऱ्याच्या घरी चौदा इंची टीव्ही धान्याच्या पोत्यांमागं सापडला. चालू होता. मांडीवर घेऊन जीपनं औरादला आणला, पाय बधिर झाले. दुकानाच्या दारात उभा राहिलो. चार वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं.

“अक्का, तुझ्यासाठी आणलाय.”

तिनं टीव्हीवर हात ठेवला. काचेवरची धूळ बोटानं पुसली... मला वाटलं, मिटलं. मग म्हणाली, “एक आणलास. नऊला किती कमी पडले, मास्तर?”

“अगं, कुठून आणू आता आणखी?”

“तेच की. कुठून आणणार?” आणि तिनं दार लावलं.

मी टीव्ही पायरीवर ठेवून गेलो. दुसऱ्या दिवशी तो माझ्या वर्गाच्या दारात होता. मी परत पायरीवर ठेवला. तिसऱ्या दिवशी पुन्हा माझ्या दारात. एवढं जड धूड तिनं ऑपरेशन झालेल्या पोटानिशी एकटीनं बोळातून फिरवून आणलं असणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात एवढंच आलं, की ही मला मुलांसमोर हलकं करायलीय. बोळातून भंगारवाला चालला होता. मी त्याला हाक मारली आणि तो टीव्ही त्याच्या गाड्यावर चढवला. स्वतःच्या हातानं, दुसऱ्यांदा. वळून पाहिलं तर अक्का बोळाच्या तोंडाशी उभी होती. तिच्या हातात ती बंदूक होती. प्राध्यापक ती तिच्याकडंच ठेवून गेले होते. म्हणजे ती टीव्ही परत न्यायला आली होती का? हे मी तिला कधी विचारलं नाही.

“शाबास, गुरुजी,” ती म्हणाली. माझ्याशी बोललेले तिचे हे शेवटचे शब्द. त्यानंतर दोन वर्षं ती जगली.

गेली ती टेबलाशीच. सोल्डरिंगची कांडी चालू राहिली होती, लाकूड जळल्याचा वास आला म्हणून रेहाना धावली.

माती झाली, दिवस झाले. मग दुकानाचं काय, हा प्रश्न आला. आत लोकांची सतरा-अठरा मशीनं होती, ती ज्याची त्याला द्यायला हवी होती. दुकान आता कागदोपत्री माझंच. रेहानाकडून किल्ली घेतली, कुलूप काढलं, आणि पाऊल उचलणार तोच दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद दिसला. वर कन्नड, खाली मराठी, दोन्ही तिच्याच टपोऱ्या अक्षरांत. चिकटपट्टी पिवळी पडली होती, म्हणजे बरीच वर्षं तो तिथं असणार. ‘मी नसताना सोमनाथला आत घेऊ नये.’

मी कागद वाचला, दुसऱ्यांदा वाचला. तोंडात शिवी आली होती, ती गिळली. किल्ली रेहानाच्या हातात दिली आणि पायरीवर बसलो.

तेव्हापासून दर रविवारी मी जातो. ज्यांची मशीनं आहेत ते फोन करून येतात, रेहाना आत जाते, मशीनला बांधलेली चिठ्ठी वाचते आणि ज्याचं त्याच्या हातात देते. मी पायरीवरून कशालाही हात लावत नाही. काही जण टीव्हीला जोडून एकदा बघतात, मग आतून आवाज येतात, मला फक्त पाठीमागं ऐकू येतात. प्राध्यापकही येऊन गेले. बंदूक त्यांनी नेली नाही.

गेल्या रविवारी शेवटचं मशीन गेलं. आत टेबल, भिंतीवरचा टीव्ही आणि ती बंदूक, एवढंच उरलं. रेहानानं केर काढला, ओढणीनं तोंड पुसलं आणि दारात येऊन म्हणाली, “आता कुणाचं काय न्हाई राहिलं आत. आता तरी या की, गुरुजी.”

मी म्हणालो, “अक्का न्हाई ना आत.”