इथंच तर यायचं होतं

हे सांगायचं मी फार वर्षं टाळलं. घरातल्या लग्नामुंजीत काकूचा विषय निघाला, की मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठायचो. आता ऐंशी उलटली, गुडघे उठू देत नाहीत. म्हणून बसून सगळं सांगून टाकतो.

समोरच्याची चूक काकू त्याला कळूच द्यायची नाही. काकांनी गाडी भलत्याच रस्त्याला घातली, तर ती खिडकीतून बाहेर बघत समाधानानं म्हणायची, "बरं केलंत, इथंच तर यायचं होतं." मग खरोखरच उतरायची, तिथल्या टपरीवर चहा घ्यायची, चहावाल्याला त्याच्या मुलाबाळांचं विचारायची. निघताना काकांना वाटायचं, आपण मुद्दामच इकडे वळलो होतो.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वनखात्यात रेंजर होते, नोकरी सगळी विदर्भातल्या जंगलांत गेली. निवृत्तीनंतर पुण्याला मुलाकडे, सुधीरकडे राहिले. आणि ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात दोघं जुनी फियाट घेऊन देश फिरायला निघाले. वाटेतले नातेवाईक आणि वाटेतली जंगलं, असा बेत. मेळघाट झालं, कान्हा झालं. अमरावतीची पुतणी, जबलपूरचा मावसभाऊ, इंदूरची काकूची बहीण झाली. जानेवारीच्या सुरुवातीला गाडी जयपूरला माझ्या दारात उभी राहिली. मी तिथल्या सरकारी इस्पितळात डॉक्टर होतो. काका उतरले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय भाऊ, बरा आहेस ना?" भाऊ म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

"अगदी भाऊंसारखा दिसायला लागलायस हो वसंता," काकू पटकन म्हणाली. "मलाही क्षणभर तसंच वाटलं." सगळे हसलो, आणि ते तिथंच मिटलं.

गाडीत काकू कधी मागे बसली नाही. पुढच्या सलग सीटवर काकांना अगदी खेटून बसायची आणि रस्ता बोलायची. "समोर उंटगाडी आहे हं. आता दुसरा गिअर. डावीकडे पिंपळ दिसला की वळायचं." माझी बायको शैला गमतीनं म्हणाली, "काकू, काकांना बोलू तरी द्या!" काकू म्हणाली, "पस्तीस वर्षं जंगलात ते बोलले आणि मी गप्प चालले. आता माझी पाळी." शैलाला ते फार आवडलं. मी डॉक्टर, पण मलाही तेव्हा काही कळलं नाही.

तिनं सांगितलं ते चौथ्या दिवशी दुपारी, गच्चीवर, उन्हात मटार सोलता सोलता. काका बाजूला खुर्चीत डुलकी घेत होते.

"वसंता, यांची माणसं पुसली जातायत रे. एकेक करून. दिवाळीत सुधीरला 'तुम्ही कोणाकडे आलात?' विचारलं. मी म्हटलं, चेष्टा करतायत."

माझ्या हातातला मटार तसाच राहिला. ती मात्र शेंगा फोडत होती.

"पण जंगलात नेलं ना, की दोन-तीन दिवस सगळं लख्ख असतं. कान्हाहून निघालो आणि जबलपूरला दारात उतरल्या उतरल्या सगळ्यांना नावानं हाका मारल्या. म्हणून मी तसं बसवलंय. आधी जंगल, मग माणूस. तुझ्याआधी जंगल पडलं नाही, म्हणून तुला भाऊ म्हणाले. वाईट वाटून घेऊ नकोस."

वैद्यकशास्त्रात याला काही आधार आहे का, मला आजही माहीत नाही. तिनं ते बघून बघून शोधलं होतं, आणि त्यावर दीड हजार मैलांचा प्रवास आखला होता.

राहिलं होतं एकच माणूस. ग्वाल्हेरची आत्या, काकांची थोरली बहीण. आई लहानपणीच गेल्यावर तिनंच काकांना वाढवलं. ती आता अंथरुणाला खिळलेली, तिला पुण्याला येणं शक्य नव्हतं. काका रोज संध्याकाळी विचारायचे, "ताईकडे कधी जायचं?" म्हणून काकूनं ठरवलं होतं, आधी भरतपूरचे पक्षी, तिथून थेट ग्वाल्हेर.

"अजून ताईंचं नाव आहे त्यांच्यापाशी," ती म्हणाली. "ते जायच्या आत मला पोचायचंय. फार दिवस नाहीत रे. मला दिसतंय ना." आणि पहिल्यांदाच तिचे हात थांबले. "सुधीरला कळवू नकोस. तो लगेच घेऊन जाईल. ताईंची भेट होऊ दे, मग मीच सांगते त्याला."

मी तिला शब्द दिला.

काकांना मी तपासलं. वार सांगता आला नाही, गावाचं नाव सांगता आलं नाही. खिडकीबाहेर एक पक्षी बोलला, तर माझा प्रश्न अर्धवट तोडून म्हणाले, "तांबट आहे." मी काकूला स्पष्ट सांगितलं, यापुढे काकांनी गाडी चालवायची नाही. तिला ते माहीतच होतं. येताना टोंकच्या अलीकडे त्यांनी भर रस्त्यात गाडी थांबवून विचारलं होतं, "आपण कुठे चाललोय?" मागून ट्रक येत होता.

"ड्रायव्हर बघू," मी म्हटलं.

"नको. परक्या माणसासमोर त्यांना चुकू द्यायचं नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू मला शिकव."

काकू तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. नऊवारी सोडून पाचवारी नेसायला लागल्याला तिला दहा वर्षंही झाली नव्हती. माझी आठ वर्षांची मंजू, जिचं मराठी बोलणं शाळेतल्या हिंदीत बुडालेलं, डोळे विस्फारून म्हणाली, "आज्जी, मतलब तू खरंच गाडी चालवणार?"

"मतलब खरंच," काकू म्हणाली.

तिचा शिकाऊ परवाना काढला. रविवारी विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातले कारखाने बंद असायचे. ते लांबरुंद रिकामे रस्ते तिला शिकवायला बरे होते. इतर दिवशी मी इस्पितळात जायच्या आधी तासभर. पहिल्या दिवशी गाडी अशी आचके देत गेली, की एका कारखान्याचा चौकीदार धावत आला. "माताजी, आराम से!" काकूनं त्याला खिडकीतून नमस्कार केला आणि मला म्हणाली, "क्लच म्हणजे जातं. हात हलका ठेवला की फिरतं." मी म्हटलं, "क्लच पायानं दाबायचा असतो काकू." "मग पाय हलका," ती म्हणाली. शिकवताना मी ओरडायचो. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा करायची. थंडीत तिच्या कपाळावर घाम असायचा. एकदा वळणावर गाडी बंद पडली, तेव्हा स्टिअरिंगवर डोकं टेकून म्हणाली, "माझ्यानं होईल ना रे? नाही म्हणू नकोस." मी हो म्हटलं. तीन आठवड्यांत तिला चांगली गाडी यायला लागली. हे मी उगीच कौतुक म्हणून लिहीत नाही.

गाडीची किल्ली ती कनवटीला लावून ठेवायची, काकांच्या हाती लागू नये म्हणून. फक्त शिकवणीच्या वेळी किल्ली माझ्याकडे यायची आणि मी परत द्यायचो. एका सकाळी आम्ही परतलो, इस्पितळातून निरोप आला होता, मी घाईत होतो. किल्ली मी बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर ठेवली आणि निघून गेलो. मी ठेवली. काकूनं नाही. गेली चाळीस वर्षं घरात हे उलट सांगितलं जातंय, म्हणून पुन्हा लिहितो. किल्ली मी ठेवली होती.

दहा वाजता शैलाचा फोन आला. काका नाहीत, गाडी नाही आणि मंजूही नाही.

मी स्कूटरवर घरी पोचलो तेव्हा काकू फाटकात उभी होती. चेहरा पांढराफटक. मी म्हटलं पोलिसांत जाऊ. ती स्कूटरवर बसत म्हणाली, "आधी जिथे झाडं असतील तिथे चल." दोन बागा पालथ्या घातल्या. तिसऱ्यांदा, रामनिवास बागेत, प्राणिसंग्रहालयाच्या फाटकाशी फियाट दिसली, एक चाक पदपथावर चढलेलं. आत वाघाच्या पिंजऱ्यासमोर काका उकिडवे बसून मातीत बोटानं पंजा काढत होते आणि मंजू शेजारी बसून बघत होती. "पापा, आजोबांनी शिकवलं! हा पंजा नर, हा मादी."

मी काकूचा दंड धरला होता. तो सोडवून ती काकांजवळ गेली आणि म्हणाली, "बरं केलंत, इथंच तर यायचं होतं."

परत निघताना तिनं किल्ली घेतली. शहरातल्या रहदारीत ती कधीच गेली नव्हती. मी स्कूटरवरून मागे मागे. सायकलरिक्षा, उंटगाड्या, बसगाड्या या सगळ्यांतून तिनं काकांना आणि माझ्या मुलीला एकही आचका न देता घरी आणलं. फाटकात गाडी नीट लावली, हातब्रेक ओढला. "आता निघू शकतो," ती म्हणाली. "परवा."

मी मान हलवली. दुपारी इस्पितळात गेलो आणि पुण्याला ट्रंककॉल लावला.

मंजूच्या काळजीनं लावला, असं मी स्वतःला सांगत आलो. ते अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की वाटेत काही झालं असतं तर लोकांनी विचारलं असतं, घरात डॉक्टर असून? त्या प्रश्नाला मी भ्यालो.

परवा काकूनं गाडीत सामान भरलं, डब्यात दशम्या घेतल्या, आत्यासाठी घेतलेली जयपुरी रजई मागच्या सीटवर ठेवली. मी "गाडी एकदा मेकॅनिकला दाखवू, मग निघ" म्हणून तिला थांबवलं. संध्याकाळी सुधीर आला.

आल्या आल्या त्यानं मला विचारलं, "वसंतदादा, तुला माहीत होतं बाबांचं हे?" काकू स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

"नाही रे," मी म्हणालो. "काकू काही बोलली नाही मला."

"आणि किल्ली? आईनं अशीच टाकली होती?"

मी सुधीरची बॅग उचलून भिंतीशी ठेवली. शैला माझ्याकडे बघत राहिली.

"हो रे, माझ्याकडूनच राहिली," काकू म्हणाली. "वसंताला काय माहीत असणार? तो दिवसभर इस्पितळात." आणि तिनं पहिला कप मला दिला.

सुधीर वाईट मुलगा नव्हता. घाबरला होता, म्हणून ओरडत होता. "आई, या वयात गाडी शिकून बाबांना घेऊन जंगलं फिरत होतीस?" ती फक्त एवढंच म्हणत राहिली, "ग्वाल्हेर एका दिवसावर आहे. भरतपूर राहू दे. रेल्वेनं जाऊ. एक रात्र ताईंकडे, मग तू नेशील तिथे येते." सुधीरनं माझ्याकडे बघितलं. तिनंही बघितलं. मी डॉक्टर होतो, माझा एक शब्द पुरे होता.

"आता त्यांना जास्त प्रवास झेपणार नाही," मी म्हणालो.

पुणे तिथून दोन दिवसांवर होतं.

स्टेशनवर काकांनी डब्याच्या खिडकीतून मला हात केला. मग काकूकडे वळून विचारलं, "ताईकडे ना?"

"हो," ती म्हणाली. "ताईंकडेच."

फियाट सुधीरनं जयपुरातच विकायला लावली. रजई मी पार्सलनं ग्वाल्हेरला पाठवली. तीन महिन्यांनी काकूचं पोस्टकार्ड आलं. नेहमीची खुशाली, आणि खाली एक ओळ: "आज ताईंचा फोटो दाखवला. या बाई कोण, म्हणाले." आत्या पुढच्या वर्षी गेली. त्यानंतर दोन वर्षांनी काका गेले. तेराव्याला पंगतीत कुणीतरी म्हणालं, काकूनं आजार लपवला आणि बिचाऱ्याला फिरवून फिरवून संपवलं. मी पानावरचा भात कालवत राहिलो.

पुढे एकदा मी फक्त काकूची माफी मागायला पुण्याला गेलो. वाक्य पाठ करून गेलो होतो. काकू खूप वाळली होती, पण मला बघून उठून बसली. सून चहा घेऊन आली, तेव्हा काकूचे डोळे एकदम चमकले.

"वसंता, तू सांग बरं हिला. मला गाडी येते की नाही? इथं कुणाला पटतच नाही."

सून हसली. "आई पण ना, काहीतरीच!"

हो म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता. कुणी शिकवली, कधी, कशासाठी. मी हसलो आणि चहात बघत राहिलो.

काकूनं क्षणभर वाट पाहिली. मग म्हणाली, "असू दे. बरं केलंस आलास." आणि मंजूची चौकशी करायला लागली. त्याच उन्हाळ्यात ती गेली.

सुधीर हे वाचेल, त्याची बायको वाचेल, मंजूही अडखळत का होईना वाचेल. त्यांनी मला काय म्हणायचं ते म्हणावं. पण त्या संध्याकाळी तू ट्रे घेऊन दारात उभी होतीस, तेव्हा जे बोलायचं होतं ते एवढंच होतं, काकू. मला माहीत होतं. तू मला सांगितलं होतंस. किल्ली मी ठेवली होती. आणि तू गाडी फार छान चालवायचीस.