लंगड्या म्हातारीची फुली

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक लांबट खोली आहे. तिथे मास्तर गेली एकतीस वर्षं दोरीच्या बाहुल्या नाचवायला शिकवतात. आजवर त्रेचाळीस जण त्यांच्या हाताखालून गेले. त्यातले काही आळशी होते, दोघे चक्क मठ्ठ होते, पण ज्याला म्हातारी लंगडवता आली नाही असा एकही निघाला नव्हता. चव्वेचाळिसाव्या शिंपीणबाई पहिल्याच.

म्हातारी म्हणजे खेळाचा जीव. शेजाऱ्याने भिंत सरकवून तिची जागा खाल्लेली असते आणि ती डावा पाय ओढत रोज न्यायाधीशाकडे खेटे घालते. ते लंगडणं मास्तरांना त्यांच्या आत्याने शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, "बघ आणि कर" म्हणाली. मास्तरही शिष्यांना त्याहून जास्त काही सांगत नाहीत.

यंदा मास्तरांचा खांदा धरला. बाहुली नाचवणारा फळीवर चढून, पडद्यावरून हात पुढे काढून पाऊण तास उभा असतो. डॉक्टरांनी हात खांद्याच्या वर न्यायला मनाई केली. बाकीचे शिष्य आपापल्या पात्रांत अडकलेले, त्यामुळे रविवारच्या खेळात म्हातारी शिंपीणबाईंकडे आली. ती नीट चालली नाही तर खेळ रद्द करायचा, हे मास्तरांनी बायकोला सांगूनही टाकलं होतं.

गुरुवारी शिंपीणबाई आपलं शिवणाचं दुकान बंद करून आल्या, गळ्यातली मोजपट्टी तशीच. फळीवर चढल्या, म्हातारी खाली सोडली.

मास्तर स्टुलावर बसून बघत होते. "छे. तुमची म्हातारी लंगडत नाही, लंगडण्याचं नाटक करते."

"अकरा महिने हेच ऐकतेय, मास्तर. चुकतंय कुठे ते तरी सांगा."

मास्तरांना ते सांगता येत नव्हतं. बाईंचे हात बारीक कामाला सरावलेले, लक्ष पक्कं, मग अडतंय कुठे? रात्री अंथरुणावर पडूनही त्यांच्या डोक्यात तोच भुंगा असायचा. शेवटी त्यांनी आत्याचा एक नियम मोडला. ज्याची बाहुली त्याच्याच हातात, दुसऱ्याने शिवायचं नाही, असा तो नियम होता. शिष्याने पहिल्या महिन्यात गुरूची बाहुली समोर ठेवून तशीच स्वतःची घडवायची, आणि मग ती फक्त त्यानेच हाताळायची.

"द्या इकडे," मास्तर म्हणाले.

टेबलाच्या उंचीवर हात धरून त्यांनी म्हातारी चालवली. म्हातारी ताठ चालत गेली. त्यांना वाटलं, खांद्याचा दोष. हात बदलला. तरी ती कवायतीतल्या शिपायासारखी सरळ.

"बाई, तुम्ही हिला काय केलंत?"

"काही नाही. तुमच्या फुलीचा एक कोपरा तुटलेला होता, तेवढा माझ्या फुलीत पुरा केला. दोऱ्याही सारख्या लांबीच्या घेतल्या. गिऱ्हाइकाने नमुन्याला उसवलेला सदरा आणला म्हणून मी नवा उसवूनच शिवत नाही."

फुली म्हणजे हातात धरायची लाकडी चौकट. तिच्या खाचांमध्ये दोऱ्या बांधतात. मास्तरांनी आपली फुली, आत्याच्या फुलीची हुबेहूब नक्कल, काढून शेजारी ठेवली. डाव्या गुडघ्याची खाच तुटक्या कोपऱ्यामुळे आत सरकली होती. बाईंनी मोजपट्टी लावली. दोरी पाऊण इंच आखूड, म्हणून पाय आपोआप ओढला जायचा.

त्रेचाळीस फुल्या. प्रत्येकाने तो कोपरा इमानाने कापून घेतला होता. मास्तरांनी स्वतः कानस लावून कितीतरी जणांना तो नीट "तोडून" दिला होता.

तेवढ्यात मास्तरांची बायको चहा घेऊन वर आली.

"आत्याच्या फुलीचा हा कोपरा कसा गेला, तुला काही माहीत आहे?"

"त्यांच्या थोरल्या मुलाने दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराखाली सारली होती. तिथेच मोडली. त्याआधी म्हातारी सरळच चालायची म्हणे."

"हे तू आजवर बोलली नाहीस?"

"तुम्ही आज विचारलंत." तिने कप टेबलावर ठेवला. "आणि तुमच्यात म्हणे बघायचं आणि करायचं, विचारायचं नसतं."

मास्तर बराच वेळ दोन्ही फुल्या उलटसुलट करून बघत राहिले. मग कानस उचलली. बाईंच्या फुलीचा कोपरा काढला की काम झालं, रविवार निभावला.

"थांबा," शिंपीणबाई म्हणाल्या. "तुमची म्हातारी कायम लंगडते. माझी मनगटावर लंगडते, म्हणजे मी म्हणेन तेव्हाच. एकदा बघा तरी."

त्या पुन्हा फळीवर चढल्या. म्हातारी घरातून निघाली ती तुरुतुरु. न्यायाधीशाची रिकामी खुर्ची दिसली आणि तिचा डावा पाय मागे राहू लागला; न्यायाधीश काय करतो ते बाई तोंडानेच सांगत होत्या. न्यायाधीशाने मान वळवली की पाय आणखी जड. त्याने कागदात डोकं घातलं की म्हातारी दोन पावलं झपाझप पुढे, आणि त्याने वर पाहिलं की परत ओढत.

मास्तरांची बायको खुदकन हसली. तिने हा खेळ किमान दोनशे वेळा पाहिला होता आणि या जागी ती कधीच हसली नव्हती.

"अकरा महिने हे मला का दाखवलं नाहीत?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही पहिल्या तीन पावलांतच छे म्हणता."

मास्तरांनी कानस खणात टाकली.

रविवारी त्यांनी खेळ पहिल्यांदाच समोरून, तिसऱ्या रांगेतून पाहिला. न्यायाधीशाने दुसऱ्यांदा वर पाहिलं तेव्हा हशा मागच्या रांगेपासून सुरू झाला. मास्तर मात्र बाहुलीकडे बघत नव्हते. पडद्याच्या वर दिसणाऱ्या बाईंच्या मनगटावर त्यांची नजर खिळली होती आणि मांडीवरचा त्यांचा उजवा हात हळूहळू तसाच वळत होता.

सोमवारी शिंपीणबाई वर आल्या तेव्हा मास्तर टेबलाशी बसले होते. समोर नवी फुली, चारी कोपरे शाबूत, दोऱ्या सारख्या. म्हातारी टेबलावरून ताठ चालत होती.

बाईंनी स्टूल ओढलं, बसल्या, तीन पावलं पाहिली.

"छे," त्या म्हणाल्या. "कोपर हलतंय तुमचं. कोपर टेबलावर ठेवा."

मास्तरांनी कोपर टेबलावर टेकलं.