लीलाधर मास्तरांची टक

आमचे हे, लीलाधर मास्तर, दोंडाईच्याला हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. शब्द सापडला की त्याचं कूळ उकरायची भारी खोड. जेवतानासुद्धा! मी म्हणायची, "आधी भाकर गिळा, मग शब्दाचे आजे-पणजे काढा."

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. मिरचीचे व्यापारी रतिलालशेठ शाळेत तक्रार घेऊन आले, मास्तर वर्गात माझ्या पोरीकडे टक लावून बघतात. ओ माय वं! कुणी कानफटात मारावी तसं झालं मला. नोकरी जाणार, अब्रूही जाणार. पदर खोचला आणि यांच्या मागोमाग मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरले.

"बघता की नाही, तेवढं सांगा!" खुर्चीत बसलेले रतिलालशेठ गरजले.

वाटलं, हे साफ नाही म्हणतील. कसलं काय! म्हणाले, "टक लागते माझी. इंग्रजीत त्याला स्टेअर म्हणतात. फार जुना शब्द. मुळात अर्थ ताठ होणं, कडक होणं. कपड्याला खळ देतो ना, तो स्टार्च त्याच्याच भावकीतला. त्या मूळ अर्थात दिसणं नाहीच. डोळा नुसता ताठ होतो."

"अहो, इथे जीव चाललाय आणि मास्तरकी काय करताय!" मी ओरडले. माझ्या त्या आरडाओरड्यात शेठ चिडून उठले आणि दाराशी जाऊन उभे राहिले.

"तेच सांगतोय," म्हणत यांनी समोरच्या खुर्चीला हात जोडले. "रतिलालशेठ, तुमची पोर खिडकीशी बसते. मला आता खिडकीचा उजेड तेवढा कळतो. डोळे तिकडेच ताठतात. तिथे कोण बसतं, ते दिसत नाही."

हात जोडलेले, आणि खुर्ची रिकामी!

आता एकेक उमगलं. धडे सगळे पाठ, वाट पायाखालची, ताटातलं वासावरून ओळखायचे. एका घरात राहून मला पत्ता नाही! असा संताप आला, पण काढू कुणावर?

रतिलालशेठ धावत आले, यांचे हात धरून "माफ करा, मास्तर" म्हणत रडायलाच लागले. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, तुमच्यावर डाग नाही." मग खाली मान घालून, "पण उद्यापासून वर्गावर कसं पाठवू?"

फाटकाबाहेर आल्यावर हे म्हणतात, "प्रमिला, अब्रू राहिली."

मी "हो" म्हटलं. डोळ्यांतलं पाणी पुसलंही नाही, नुसता आवाज सांभाळला.