व्हर्नाचं हलकं रिव्हॉल्व्हर

व्हर्ना हॉगन आणि मी शाळेच्या स्वयंपाकघरात एकत्र म्हाताऱ्या झालो. ती सूप ढवळायची, मी पाव कापायचे, आणि दोघी मिळून मुख्याध्यापकांची नक्कल करायचो. अलास्काच्या या खाडीवर माणसाला एकतर बोलकी मैत्रीण लागते, नाहीतर बाटली. मला व्हर्ना मिळाली, म्हणून माझं यकृत शाबूत आहे.

तिचा नवरा ऑरिन सामन मासे धरायचा. एका जुलैमध्ये तो ओढ्याच्या तोंडाशी अडकलेलं जाळं सोडवायला किनाऱ्यावर उतरला आणि उंच गवतातून पिल्लं असलेली अस्वलीण आली. ऑरिनचं रिव्हॉल्व्हर होडीवरच्या खोपटात खिळ्याला टांगलेलं होतं. अस्सल पोलादी, लांब नळीचं, मोठ्या गोळीचं. दिवसभर वाकून जाळं ओढणाऱ्या माणसाच्या कमरेला ते नको व्हायचं. खिळ्यापासून तो फार लांब नव्हता. पण होता.

पुरताना सगळे रडले, व्हर्ना रडली नाही. "नुसतं कमरेला लावायचं होतं," एवढंच ती म्हणाली आणि पाठ फिरवून निघून गेली. त्यानंतर ती कधी त्या कबरीवर गेली नाही. दर रविवारी चर्चला यायची, पण गाडी अशी लावायची की उतरताना दफनभूमीचं फाटक दिसू नये. मी एकदा विषय काढला, तर पुढे महिनाभर माझ्याशी फक्त हवापाण्याचं बोलली.

तिचा मुलगा टॉड अँकरेजला विमानांची इंजिनं दुरुस्त करतो. चांगला पोरगा आहे, जरा बापासारखा गप्प. आईनं ओढ्याकाठच्या त्या घरात एकटं राहू नये, असं त्याचं म्हणणं होतं. त्यानं स्वतःच्या घरी तिच्यासाठी खोलीही काढून ठेवली होती. व्हर्ना हलेना. वाद वाढला, तेव्हा तिनंच अट घातली. "मी हलकं रिव्हॉल्व्हर घेते. दर सप्टेंबरला तू ये आणि खडीच्या खाणीत मला बघ. पाच काडतुसं भरायची, पाचही लागोपाठ झाडायची, पाचही डब्याला लागली पाहिजेत. जमलं तर वर्षभर तोंड उघडायचं नाही. नाही जमलं तर मी सामान बांधते." टॉडनं हात पुढे केला. आमच्याकडे हात मिळवला की मग बोलणं संपलं.

ते विकत घ्यायला मी तिच्याबरोबर गेले होते. एल्डनचं दुकान म्हणजे एका भिंतीला गळ, दुसरीला बुटं आणि मधे एल्डनचं पोट. त्यानं काचेखालून एक रिव्हॉल्व्हर काढून तिच्या तळहातावर ठेवलं. राखाडी रंगाचं, आखूड नळीचं, टायटॅनियमचं. तोंड मात्र एवढं मोठं की माझ्या करंगळीचं टोक सहज आत जावं. व्हर्नानं ते दोनतीनदा वरखाली केलं. तिचे डोळे भरून आले, ते एल्डनच्या लक्षात आलं नाही.

"हे माणूस विसरणार नाही," ती म्हणाली. "हे कुणी खिळ्याला टांगणार नाही."

"हलकं आहे, पण हाताचा सूड घेतं," एल्डन म्हणाला. "आणि ऐक, व्हर्ना. भरशील ती सगळी झाडून टाक. उरवून ठेवायची नाहीत."

"म्हणजे तुझी काडतुसं खपतील!"

"अगं बाई, मी काय सांगतोय—"

"सांग, सांग. माझ्या सुपात मीठ जास्त होतं, हेसुद्धा तूच सांगायचास आणि दोन वाट्या ओरपायचास."

एल्डन हसला. रिव्हॉल्व्हर अडकवायचा पट्टा त्यानं नीट बसवून दिला, छातीवरून तिरपा. त्या दिवसापासून तो पट्टा व्हर्नाच्या अंगावरून उतरला नाही. कचरा टाकायला जाताना पट्टा, दोरीवरचे कपडे काढायला जाताना पट्टा. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी एकदा भुवया उंचावल्या, तिनंही उंचावल्या.

खाणीत पहिला बार काढला तेव्हा मी शेजारी उभी होते. आवाज छातीत शिरला. व्हर्नाचे दोन्ही हात कपाळापर्यंत उडाले, आणि ती म्हणाली, "देवा रे!" मग ओठ चावून तिनं उरलेली चारही झाडली. घरी येऊन तिनं हात थंड पाण्यात बुडवून ठेवला. अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी फाटली होती. कुरकुर मात्र तिनं केली नाही. दर रविवारी चर्चनंतर खाण, आणि दर सप्टेंबरला टॉडसमोर परीक्षा. डबा पाचही वेळा उडायचा. टॉड मान हलवायचा, आईच्या हातचं हरणाच्या मांसाचं कालवण जेवायचा आणि मुकाट परत जायचा.

सहाव्या वर्षी तिचा हात आखडला. सकाळी बरणीचं झाकण उघडेना. टॉडला सांगायचं नाही, अशी तिनं मला शपथ घातली. पाच बार सोसवत नव्हते, म्हणून रविवारी ती एकच काढू लागली. रिकामी पुंगळी काढून तिथं नवं काडतूस घालायची आणि काडतुसांचं चाक असं फिरवून बसवायची की पुढचा बार त्या नव्याचाच निघावा. पहिली गोळी ताजी असावी, हा तिचा हिशोब. बाकीची चार तशीच आत. काटकसरी बाई, शिळा पावसुद्धा टाकायची नाही. उन्हाळ्याच्या शेवटी मला म्हणाली, "चाक बसताना जरा घासतं गं. अंगठ्यानं दाबावं लागतं. माझ्यासारखंच झालंय ते."

ऑगस्टमध्ये ती बेरी वेचत असताना एक मोठं अस्वल झुडपाच्या पलीकडे उभं राहिलं. व्हर्नानं रिव्हॉल्व्हर काढलं, दोन्ही हातांनी धरलं आणि बोलत राहिली. काय बोललीस, मी विचारलं. "शाळेतल्या पोरांना बोलायचे तेच. रांगेत उभा राहा, ढकलाढकली नको." अस्वलानं ऐकून घेतलं आणि ते निघून गेलं. त्या दिवशी माझ्या ओट्यावर कॉफी पिताना ती पहिल्यांदा मोठ्यानं बोलली, "बघ. हातात होतं म्हणून मी जिवंत आहे. त्याच्याही हातात असतं तर?" तिच्या आवाजात इतका राग होता की मी कपात बघत बसले.

सप्टेंबरात टॉड आला. खाणीत गार वारा होता. व्हर्नानं पाय रोवले आणि पहिला बार काढला. डबा उडाला. तिनं पुन्हा चाप ओढला. चाप हलला नाही. तिनं दोन बोटं लावली, दात आवळले. चाक जागचं ढळेना.

"आई, खाली ठेव," टॉड म्हणाला. त्यानं नळी मातीच्या ढिगाकडे धरून बराच वेळ खटपट केली, तेव्हा कुठे चाक बाहेर निघालं. उरलेली चार काडतुसं त्यानं तळहातावर घेतली. चारींच्याही गोळ्या पुंगळीतून पुढे सरकल्या होत्या. एकीचं नाक तर चाकाच्या बाहेर येऊन चौकटीला अडकलं होतं.

"ही कधीपासून आत आहेत?"

व्हर्नानं पट्ट्याचं बक्कल चाचपलं. मग मीच सांगितलं, शपथ गेली खड्ड्यात.

टॉड हळूच म्हणाला, "एवढं हलकं रिव्हॉल्व्हर मागे फेकलं जातं, तेव्हा आत राहिलेल्या गोळ्या दर झटक्याला थोड्या थोड्या बाहेर येतात. आई, ऑगस्टमध्येसुद्धा... एक बार निघाला असता. मग तुझ्या हातात नुसता धातूचा तुकडा."

व्हर्नानं त्याच्या हातातलं एक काडतूस उचललं आणि चष्मा वर करून बघत राहिली.

"परत भरू," टॉड घाईनं म्हणाला. "चूक हत्याराची आहे, तुझी नाही. हे धरायचं नाही."

"अस्वल परत भरू देतं का?"

"आई, मी म्हणतोय ना, धरायचं नाही! राहा तू इथं!"

इतकी वर्षं तिला न्यायला धडपडणारा पोरगा, आता तिनं राहावं म्हणून रडवेला झाला होता. मला त्याची फार माया आली.

व्हर्ना दगडावर बसली. "हात मिळवला होता, टॉड. मी येते." मग म्हणाली, "मी घरासाठी राहिले नव्हते रे. तुझ्या बापाला खोटं पाडायला राहिले होते. मी बाळगते आणि जगते, तूही बाळगलं असतंस तर जगला असतास, हे त्याला रोज दाखवत होते."

परतताना तिनं मला चर्चपाशी गाडी थांबवायला सांगितली. फाटकाच्या बाजूला. उतरून तिनं छातीवरचा पट्टा सोडला आणि माझ्या मांडीवर ठेवला. तिथं गवत गुडघाभर वाढलं होतं, आणि अस्वलं त्या बाजूलाही येतात. मी हाक मारणार होते, पण टॉडनं माझा दंड धरला. "राहू दे, लिन आंटी."

कबरीच्या दगडापाशी ती वाकली, आखडलेल्या बोटांनी त्यावरचं शेवाळ खरवडू लागली. मग तिचा आवाज आला, घरात शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तसा.

"जड होतं रे ते, ऑरिन. माहीत आहे मला. फार जड होतं."