तालासोचे रिकामे रकाने

तालासो गोदाना रोज दोनदा नदीला भेटायला जायची. सकाळी गुरं सुटताना आणि संध्याकाळी गुरं परतताना. मेर्ती गावाच्या खालच्या अंगाला, नदीच्या वळणावर, आकडे रंगवलेली एक लोखंडी पट्टी रोवलेली होती. पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं आणि पाण्याच्या कचेरीच्या वहीत लिहायचं, महिनाअखेर त्याची नक्कल कचेरीत धाडायची, एवढंच काम. नवरा गेल्यावर ते तिच्याकडे आलं, त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत एक खाडा नाही. पायात काटा मोडून पाय सुजला, तेव्हा ती गाढवावर बसून गेली होती.

"नवऱ्यामागे कधी इतकी धावली नाहीस गं," वस्तीतल्या बायका चिडवायच्या.

"तो बिचारा घरीच असायचा," ती म्हणायची. "ही बया पळते."

आणि पळायचीच ती. वर, डोंगराच्या उतारावर, प्लास्टिकच्या छपरांखाली गुलाबांची शेतं होती. दरवर्षी तिथं नवे पंप बसत, आणि उन्हाळ्यात नदी तिथंच अडकून पडे. खाली यायची ती नुसती वाळू. मग खालची बोरान गुराखी माणसं पात्रात खड्डे खणत, ओळीनं उभी राहत, आणि गाणं म्हणत बादली या हातातून त्या हातात वर चढवत.

असल्या दिवशी तालासो वहीत काय लिहायची? काही नाही. तिचा बाप विहिरीवर पाळी लावणारा माणूस. आज कुणाची गुरं आधी, कुणाची मागून, हे तो सांगायचा आणि भांडकुदळ गडीसुद्धा मुकाट ऐकायचे. त्यानं पोरीला शिकवलं होतं, "रिकाम्या विहिरीला रिकामी म्हणू नये. तिला ऐकू जातं, मग ती भरत नाही." म्हणून नदी आटली की तालासो त्या दिवसाचा रकाना कोरा सोडायची. तिच्या लेखी तो कोरा रकाना आकड्यांपेक्षा मोठ्यानं बोलत होता.

त्या फेब्रुवारीत साऱ्या खोऱ्याच्या पाणीवाटपाचा नवा आराखडा तालुक्याच्या सभागृहात वाचून दाखवायचा होता. तो मंजूर झाला की वरच्या आणखी सहा पंपांच्या परवान्यांवर सही होणार होती. सहा पंप म्हणजे पात्रातले खड्डेही गेले, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. तालासो आपली वही कापडात बांधून, म्हाताऱ्या दिदा हलाकेबरोबर शेळ्यांच्या ट्रकमध्ये बसून गेली.

भिंतीवर नकाशा होता. त्यात डोंगरापासून खाली दलदलीपर्यंत एक सलग निळी रेघ. म्वेंडा नावाचा तरुण अधिकारी काठीनं दाखवत होता. "खालच्या मोजपट्टीपाशीही नदी बाराही महिने वाहते. आकडे तुमच्याच गावचे आहेत."

दिदा मोठ्यानं म्हणाला, "तालासो, एवढं पाणी कुठं लपवून ठेवलंस गं? आम्हाला घोटभर तरी दे!"

सगळे हसले. तालासो हसली नाही. ती थेट पुढं गेली.

"साहेब, गेल्या वर्षी नदी सत्त्याण्णव दिवस नव्हती."

म्वेंडानं कागद चाळले. "आजी, इथं एकही शून्य नाही."

"रकाना रिकामा आहे की!"

"रिकामा म्हणजे त्या दिवशी मोजायला कुणी गेलं नाही, असं आम्ही धरतो. मग आधीचे-नंतरचे आकडे बघून तो भरतो."

तालासोच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी गेले नाही? सुजलेला पाय घेऊन गेले, नवऱ्याच्या चाळिसाव्याला गेले! गैरहजर कोण होतं रे, मी की नदी? सत्त्याण्णव दिवस तुमच्या कागदावर पाणी वाहिलं, आणि आमच्या वासरांनी वाळू चाटली! एक माणूस पाठवून विचारायचं होतंस, 'म्हातारे, मेलीस का?' गुलाबाला किती घोट लागतात ते बरोबर ठाऊक असतं तुम्हाला!"

म्वेंडाचा चेहरा पडला. "आजी, मला आपल्या मनानं शून्य लिहिता येत नाही. मोजणाऱ्यानं तारखेसकट सांगायला हवं. तुम्ही सांगा, मी लिहितो."

सांगायचं म्हणजे बापानं मना केलेला तो शब्द उच्चारायचा. तिनं दिदाकडं पाहिलं. तिच्या बापाच्या हाताखाली त्यानं बादल्या ओढल्या होत्या.

"बोल बाई," दिदा हळूच म्हणाला. "आता चेष्टा नाही करत. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? तुझ्या बापाची पाळीही कुणी अशी चोरली असती, तर तोही बोलला असता."

तिनं कापड सोडलं. पहिली तारीख वाचली. मग, फार हळू, "कोरडी."

दुसरी तारीख. "कोरडी."

तिसरी तारीख वाचली आणि मागच्या बाकावरून कुणीतरी साद दिली, "कोरडी!" विहिरीत खालचा गडी ओळ म्हणतो आणि वरचे उचलतात, तशी. मग पुढच्या तारखेला दहा आवाज, त्यापुढं सगळी खालची गावं. गुलाबवाल्यांचा मॅनेजर चाळिसाव्या तारखेला उठून गेला. म्वेंडा मान खाली घालून शून्यामागून शून्य लिहीत राहिला. सत्त्याण्णव.

त्या दिवशी सही झाली नाही. आराखडा पुन्हा करायला परत गेला. पंप नाकारले असं मात्र कुणी म्हणालं नाही. "पुन्हा बघू" म्हणाले. बघतील. त्यांना बघायला वेळ भरपूर असतो, तहान आमची असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालासो पट्टीपाशी उभी राहिली. खाली वाळूच होती. तिनं रकान्यात शून्य काढलं, इतकं दाबून की ते खालच्या तीन पानांवर उमटलं. मग वही कापडात बांधली आणि पात्रात उतरली. खड्ड्यावर बादली चढवायची तिची पाळी आली होती.