बबनच्या चार रिंगा

चाकांच्या दुकानात बसलं की किस्से आपोआप गोळा होतात, टायरला खिळे गोळा होतात तसे! मुळशी रस्त्यावरच्या आमच्या दुकानात गल्ल्यावर मी आणि चाकांवर बबन. लोक बाहेरून अलॉय व्हील्स घेऊन येतात, आम्ही बसवून देतो. त्यांचं मधलं भोक बरेचदा गाडीच्या हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गोल भागापेक्षा, मोठं असतं. ती फट भरायला एक रिंग लागते. नाहीतर चाक मधोमध बसत नाही आणि वेग घेतला की स्टिअरिंग थरथरतं. एवढंच शास्त्र. पण बबनचा देवावर नसेल एवढा विश्वास त्या रिंगेवर!

*

मुळशीचा एक भातशेतीवाला नव्या कोऱ्या जीपला अलॉय बसवायला आला. रिंग बघून हसायलाच लागला. "येवढ्या धिप्पाड गाडीला ही बांगडी?"

बबन मान वर न करता म्हणाला, "नवरी केवढी बी असू द्या, बांगडी मापाचीच लागती!"

*

माण गावात भाड्यानं राहणाऱ्या एका आयटीवाल्यानं व्हील्स ऑनलाइन मागवली, कुठंतरी बसवून घेतली. ऐंशीच्या पुढे गाडी थरथरायला लागली, तेव्हा आमच्याकडे आला.

"सोबत रिंगा आल्या आसतील की," बबन म्हणाला.

"त्या? मला वाटलं पॅकिंग आहे. फेकून दिल्या."

घरमालकीण काकूंनी त्या उचलून, धुऊन ठेवल्या होत्या. तीन लगेच मिळाल्या. चौथीवर देवघरात बाळकृष्ण बसला होता! ती मागायची कोणाची हिंमत?

"ऱ्हाऊ दे," बबननं आपल्या डब्यातली एक काढली. "देव तरी थरथरायला नको."

*

रिहे गावच्या गुरुजींनी बबनला चौथीत शिकवलं होतं. त्यांच्या जुन्या गाडीला लेकानं हौसेनं अलॉय घेतली. बबननं रिंगा घालून बसवून दिली. आठवड्यात गुरुजी परत. "बबन, थरथरते रे."

रिंगा बदलल्या, बॅलन्सिंग केलं. गुरुजी पुन्हा हजर! "लेक म्हणतो, विकून टाका. गाडी गेली तर आम्ही दोघं घरातच अडकलो बघ."

बबननं बसवलेलं चाक कधी परत आलं नव्हतं. त्याचं तोंड उतरलं. तो गुरुजींच्या शेजारी बसून धरणापर्यंत गेला. येताना स्वतः चालवत आला आणि चाकांकडे न बघता सरळ आत येऊन बसला. मी चहा मागवला. गुरुजींनी कप उचलला तसा अर्धा बशीत सांडला. मला फार वाईट वाटलं.

"गुरुजी," बबन म्हणाला, "चारी रिंगा नव्या टाकतो. पण त्या नीट बसंपर्यंत गाडी बाईंनी चालवायची. तुमी शेजारी बसून शिकवायचं."

बाई म्हणजे गुरुजींच्या मिसेस. लायसन्स वीस वर्षांचं, पण गुरुजींनी स्टिअरिंगला कधी हात लावू दिला नव्हता!

गुरुजींनी बबनकडे बघितलं. मग बाईंना द्यायची म्हणून किल्ली खिशात टाकली.

परवा गाडी दुकानासमोर थांबली. बाई चालवत होत्या. गुरुजींनी डावीकडची काच खाली केली.

"बबन, बसल्या रे तुझ्या रिंगा! आता अजिबात थरथरत नाही!"

"व्हय, गुरुजी," बबन म्हणाला.