तक्त्याखालची ओळ

ती पुण्याहून हैदराबादला आमच्या भूगोल विभागात आली, तेव्हा मला तिथं शिकवायला लागून आठ वर्षं झाली होती. माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, नवरा कॉम्प्युटरच्या कंपनीत, बिऱ्हाड दिलसुखनगरला. पहिल्याच दिवशी मी तिला विचारलं, "काय करायलात?" तर ती हसली.

"ताई, किती गोड बोलता हो तुम्ही! आमच्याकडे असं कानावर पडत नाही."

तिनं कौतुकच केलं होतं. मला मात्र बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरची मराठी कुणीतरी चिमटीत धरून न्याहाळल्यासारखं वाटलं. तिच्याबद्दलची माझी अढी तिथूनच सुरू झाली.

देशात नवं आर्थिक धोरण आलं होतं, आणि त्याची झळ म्हणा की झुळूक म्हणा, भूगोलापर्यंतही पोचली होती. विभागात कॉम्प्युटर आला. त्याला गार हवेची खोली मिळाली आणि त्या खोलीबाहेर चपला काढून आत जायची शिस्त लागली. उपग्रहानं काढलेल्या चित्रांवरून नकाशे बनवायला शिकून आलेली ती एकटीच होती. त्यामुळे त्या खोलीबाहेर बहुतेक वेळा तिच्याच चपला दिसायच्या.

माझं काम पायी चालून झालेलं. बेगम बाजारात कुठल्या गावची हळद येते, कुठली मिरची येते, इथून किराणा कुठवर जातो, हे मी तीन वर्षं अडत्यांना, हमालांना, लॉरीवाल्यांना विचारत हिंडले होते. शिंकून शिंकून बेजार व्हायची, पण वही सोडायची नाही. त्यावरचा माझा लेख आमच्या त्रैमासिकात आला, तेव्हा मला वाटलं होतं, आता लोक याचा आधार घेतील.

हे त्रैमासिक विभागातले आमचे निवृत्त सर चालवत. तेलुगू माणूस, बोलणं दखनी उर्दूत, मधूनच मराठीत, आणि मला कायम 'अम्मा' म्हणायचे. त्रैमासिकाला पंचवीस वर्षं होत होती. एके दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं.

"अम्मा, पच्चीस साल में हम क्या छापे, कौन उसको पढ़ा, कुछ हिसाब होना की नक्को?"

काम असं होतं. पहिल्या अंकापासूनच्या प्रत्येक लेखाचं एकेक कार्ड करायचं आणि त्यावर विषय लिहायचा. मग प्रत्येक लेखाच्या शेवटची संदर्भसूची वाचायची आणि त्यात आमच्याच एखाद्या जुन्या लेखाचा उल्लेख सापडला, की त्या लेखाच्या कार्डावर एक रेघ मारायची. ज्याच्या कार्डावर रेघा जास्त, तो लेख जास्त उपयोगी पडलेला.

अख्खी उन्हाळी सुट्टी मी ग्रंथालयात काढली. ती मधूनमधून डोकवायची. "ताई, मी हे कॉम्प्युटरवर घालून देऊ का? पटकन होईल."

"नक्को," मी म्हणायची. "हातानंच बरं पडतं."

काम मला आवडतही होतं. सुरुवातीच्या अंकांत ऊस, कापूस, आठवडी बाजार, विहिरी; लिहिणारा एकटा, बहुधा एखाद्या तालुक्याच्या कॉलेजातला. मग लोकसंख्येचे लेख वाढले. शेवटच्या वर्षांत शहरं, प्रदूषण, उपग्रहाचे नकाशे, आणि एकेका लेखावर तिघातिघांची नावं. आठवडी बाजार तर जवळजवळ नाहीसेच झाले होते. मी बसले होते ती फांदी वाळत चालली होती आणि ते मीच मोजत होते.

तिचा लेख येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. हैदराबादचे जुने तलाव घरांखाली कसे गेले, ते तिनं वरून काढलेल्या चित्रांवरून दाखवलं होतं. त्या कार्डावर रेघांमागून रेघा चढत गेल्या. शेवटी मला कार्ड उलटं करून मागं लिहावं लागलं. माझ्या कार्डावर एकच रेघ होती. ती मी माझ्याच दुसऱ्या लेखात केलेल्या उल्लेखाची.

दोन दिवस मी ग्रंथालयात गेले नाही. तिसऱ्या दिवशी एक नियम केला. लेखाची पारख व्हायला काळ जावा लागतो, म्हणून सर्वांत जास्त उल्लेख झालेल्या लेखांच्या तक्त्यात पाच वर्षांहून जुनेच लेख घ्यायचे. नियम ऐकायला विद्वत्तापूर्ण होता. त्यानं माझा लेख काही तक्त्यात येत नव्हता. तिचा तेवढा बाहेर जात होता.

सरांनी मान डोलावली. कच्चा मजकूर तिनंही वाचला. तिनं तक्त्यावर बोट ठेवलं.

"नियम ठीक आहे, ताई. पण तो तक्त्याखाली लिहा. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, नव्यांचं काही कुणी वाचतच नाही."

"हो, हो, लिहिते की," मी म्हटलं, आणि तिच्यासमोर ती ओळ लिहिलीसुद्धा.

छापखान्यातून प्रुफं आली, तेव्हा ती ओळ तक्त्याखाली बारीक टायपात जुळवलेली होती. मी लाल पेनानं ती काटली. चहा पीत पीत काटली.

विशेषांक निघाला. त्यानंतर काही महिन्यांनी रीडरच्या, म्हणजे लेक्चररच्या वरच्या जागेसाठी मुलाखती होत्या. अर्ज आम्हा दोघींचे होते. बाहेरच्या बाकावर शेजारी शेजारी बसलो. तिनं माझ्यासाठी पाण्याची बाटलीही आणली होती. आधी तिला बोलावलं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"बाहेरगावचे एक तज्ज्ञ आहेत, त्यांच्यापुढे आपला विशेषांक आहे. म्हणाले, तुमच्या कामाचा एवढा गाजावाजा, मग या तक्त्यात तुम्ही कशा नाही? मी म्हटलं, तक्ता फक्त जुन्या लेखांचा आहे, खाली टीप असेल. त्यांनी पान फिरवून दाखवलं. टीप नाहीच, ताई. छापखान्यानं खाल्ली वाटतं."

"अरे देवा," मी म्हटलं.

मग मला हाक आली. तेच तज्ज्ञ तोच अंक हातात धरून बसले होते. "हा तक्ता तुम्ही केलात?"

"हो, सर."

"फार चिकाटीचं काम."

तिथं बोलता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं, "थँक यू, सर."

जागा मला मिळाली. ज्येष्ठ मीच होते, कदाचित तशीही मिळाली असती. पण ते कधीच कळणार नाही, अशी व्यवस्था मी स्वतःच करून ठेवली होती. घरी अभिनंदनाला माणसं आली. सासूबाई सगळ्यांना कौतुकानं सांगत होत्या आणि मी आत चहा गाळत उभी होते. तिनंही घरी येऊन पेढे दिले. दोन महिन्यांनी तिनं राजीनामा दिला. परदेशांना नकाशे बनवून देणारी एक नवी कंपनी शहरात निघाली होती, तिथं गेली.

ती गेल्यावर मला हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. ते काही झालं नाही. महिनाभरानं मी सरांच्या घरी गेले आणि सांगून टाकलं. सर व्हरांड्यात पुढच्या अंकाचे लेख लावत बसले होते.

"मी समजलो होतो, छापखान्याची चूक," ते म्हणाले.

"नाही सर. मी काटली."

त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "शुद्धिपत्र लिहा, अम्मा. नियम काय होता ते लिहा, आणि नियम नसता तर पहिला लेख कुणाचा असता, ते लिहा."

"आणि का काटली, ते?"

"ते छापायला माझ्या अंकात जागा नाही."

पुढच्या अंकाच्या शेवटच्या पानावर शुद्धिपत्र आलं, चार ओळींचं. मी तो अंक तिच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवला. सोबत दोन पानी पत्र लिहिलं. त्यात कुणाला दोष दिला नाही, सगळं माझ्याच नावावर घेतलं. मग आठवडाभर फोन वाजला की मी दुसऱ्या कुणाला तरी उचलायला लावायची.

फोन आला तो विभागात, भर दुपारी.

"ताई, पत्र मिळालं. मला त्या दिवशी बाकावरच शंका आली होती. तुम्ही 'अरे देवा' फार पटकन म्हणालात."

मी म्हटलं, "चुकलं माझं."

"हो, चुकलंच," ती शांतपणे म्हणाली. "वाईट वाटलं होतं मला. पण खरं सांगू? आता त्या रेघा किती झाल्या, काही आठवतही नाही. इथं रोज नवं शहर असतं टेबलावर. पुढच्या महिन्यात कामासाठी बाहेर पाठवताहेत. तुम्ही एकदा या ना आमच्याकडे, नकाशे दाखवते."

मी "येते" म्हटलं आणि फोन ठेवला. तिनं मला फाडफाड बोलायला हवं होतं. तिनं क्षमा केली होती की विसरून गेली होती, तेही मला नीट कळेना. मला मात्र तिच्या टेबलावरची शहरं दिसत होती, आणि रीडरच्या खुर्चीत बसून मी पुन्हा तिच्यावर जळत होते.